१०४ नंबरचे साडेसहा लिटर

कोल्हापूरजवळच्या एका गावातल्या दूध संस्थेचं हिशेबाचं सॉफ्टवेअर गेली सहा वर्षं मी सांभाळते. संस्थेचे सचिव अण्णा. सत्तरीला टेकलेत, कानावर कायम लाल पेन्सिल असते आणि संगणकावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. आधी मला हे खटकायचं. आता वाटतं, मी पुण्याच्या कंपनीत होते तेव्हासुद्धा अण्णांइतका चोख टेस्टर मला भेटला नव्हता.

आधी कामाची रीत सांगते. संकलन केंद्रावर वजनकाटा आणि फॅट मशीन एका संगणकाला जोडलेत. दूध घालायला आलेल्या माणसाचा कोड दाबला की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) आपोआप चढतं आणि पावती निघते. याला आम्ही 'मशीन' म्हणतो. दर दहा दिवसांनी ही फाइल पेन ड्राइव्हवरून ऑफिसात येते आणि पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेल्या माझ्या प्रोग्रॅममध्ये चढते. मग कारकून हातानं दुरुस्त्या करतो. लाइट गेलेली असली की त्या पाळीचं दूध कागदावर लिहिलेलं असतं, ते भरायचं. एकाच्या जागी दुसऱ्याचा कोड दाबला गेला असेल तर ते दूध ज्याचं त्याच्या नावावर फिरवायचं. ही झाली 'वही'. बिल काढण्याआधी अण्णांना एकच कागद लागतो: मशीन आणि वही यांच्यात कुठं कुठं फरक आहे. फरक असण्याबद्दल त्यांची तक्रार नसते. फरक का पडला हे आपल्याला ठाऊक नाही, ही गोष्ट मात्र त्यांना झोपू देत नाही.

पीएचपीत या दोन्ही गोष्टी म्हणजे असोसिएटिव्ह ॲरे, म्हणजे जोड्यांची यादी: की सांगितली की तिच्यासमोरची व्हॅल्यू मिळते. सभासदाचा कोड ही की, त्याचं दूध ही व्हॅल्यू. दोन ॲरे द्यायचे आणि फरक मागायचा. "दहा मिनिटांचं काम आहे, अण्णा," असं मी फोनवर बोलून बसले.

(हा ब्लॉग मी देवनागरीतच लिहिते, त्यामुळे फंक्शनची नावंही उच्चाराप्रमाणे लिहिलीत. ज्यांना ती वापरायचीत त्यांना स्पेलिंग पाठच असतं.)

मी ॲरे_डिफ लावलं. नावातच डिफ आहे, आणखी काय हवं? एका सकाळच्या पाळीच्या लांब यादीतल्या तीनच ओळी साधारण अशा होत्या:

मशीन: १०४ ⇒ ६.५, १०५ ⇒ ५, १०६ ⇒ ८
वही: १०४ ⇒ ५, १०५ ⇒ ५, १०६ ⇒ ८.५

उत्तरात यातला फक्त १०६ आला. १०४ च्या साडेसहाचे वहीत पाच झाले होते, ते रिपोर्टात नव्हतंच. त्याचं असं आहे की ॲरे_डिफ कीकडे बघतच नाही. पहिल्या ॲरेतली व्हॅल्यू दुसऱ्या ॲरेत कुठंतरी आहे का, एवढंच ते तपासतं. त्या दिवशी साडेसहा लिटर घालणारं वहीत दुसरं कुणी नसतं तर १०४ सापडला असता. पण तीनशेच्या वर माणसं दूध घालतात, साडेसहावाले आणखी चौघं होते. गावात सगळ्यांनी मिळून काय घातलं ते बघायचं आणि कुणी घातलं ते सोडून द्यायचं, अशातला तो प्रकार. शेवटी १०४ नंबरच्या मावशी स्वतः पावती घेऊन ऑफिसात आल्या. दीड लिटरचे पैसे होते. अण्णांनी मला फोन केला आणि एवढंच म्हणाले, "दहा मिन्टाचं काम हाय म्हनालीस न्हवं?"

मग ॲरे_डिफ_असॉक. हे की आणि व्हॅल्यू अशी जोडी बघतं, पीएचपी ४.३ पासून आहे, म्हणजे मी कॉलेजात होते तेव्हापासून. १०४ सापडला. पुढची दोन बिलं सुखात गेली.

तिसऱ्या बिलाच्या वेळी अण्णा म्हणाले, रिपोर्ट वाचताना काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय. एका संध्याकाळी लाइट नव्हती, नऊ जणांचं दूध कागदावरून भरलं होतं, आणि हे नऊही जण फरकाच्या यादीत नव्हते. मी बघितलं तर फंक्शनचं काही चुकलेलं नव्हतं. ॲरे_डिफ_असॉकला मी आधी मशीन आणि मग वही दिली होती. मशीनमध्ये आहे पण वहीत तसं नाही, हे ते सांगतं. जे फक्त वहीतच आहे त्याच्याबद्दल ते चकार शब्द काढत नाही, कारण आपण विचारलेलंच नसतं.

अण्णांची ताळा घेण्याची पद्धत मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली. कारकून एक वही मोठ्यानं वाचतो, अण्णा दुसऱ्या वहीत लाल टिक करत जातात. संपलं की वह्या अदलाबदल करतात आणि पुन्हा पहिल्यापासून वाचतात. "आधी ह्येचं त्यात, मग त्येचं ह्यात," म्हणाले. मी सहा वर्षं त्या खुर्चीसमोर चहा पीत आले होते आणि हे बघितलं नव्हतं. दोन्ही बाजूंनी ॲरे_डिफ_असॉक चालवलं आणि नऊजण यादीत आले.

इथवर ठीक होतं. पुढं मी जरा शहाणपणा केला.

पाळीगणिक रिपोर्ट काढण्यापेक्षा दहा दिवसांचा एकदमच काढावा म्हणून मी ॲरेची रचना बदलली: कोड, त्याच्या आत तारीख, तिच्या आत सकाळ आणि संध्याकाळ, त्याच्या आत लिटर, फॅट, एसएनएफ. चार मजली. प्रोग्रॅम चालवला तर फरकाची यादी कोरी. एकही ओळ नाही! मी खूश. कारकूनही खूश. अण्णांनी तो कोरा कागद उजेडात धरून मागून-पुढून बघितला आणि म्हणाले, "धा दिसात एक बी चूक न्हाई? ह्यो आपलाच कारकून व्हय?"

कारकुनाचा अपमान बाजूला ठेवला तर शंका रास्त होती. ॲरे_डिफ_असॉक व्हॅल्यूंची तुलना करण्याआधी दोघींना स्ट्रिंग, म्हणजे नुसती अक्षरं, करून घेतं. आकडा असेल तर आकड्याची स्ट्रिंग होते. व्हॅल्यूच ॲरे असेल तर तिची स्ट्रिंग काय होणार? 'ॲरे' हाच शब्द. आत सोनं असो की माती, बाहेर पाटी एकच. माझ्या वरच्या मजल्यावर ४१२ सभासद, म्हणजे मशीनकडे ४१२ वेळा 'ॲरे' आणि वहीकडेही ४१२ वेळा 'ॲरे'. सगळं जुळलं, फरक शून्य.

पीएचपी याबद्दल गप्प बसत नाही, बरं का. ॲरेची स्ट्रिंग करतोय म्हणून ते कुरकुरतं. पूर्वी नुसती नोटीस द्यायचं, पीएचपी ८ पासून वॉर्निंग देतं. पण सर्व्हरवर पडद्यावर एरर दाखवणं मी बंद ठेवलेलं, ते बरोबरच आहे, आणि लॉग मी बघत नव्हते, ते बरोबर नाही. उघडून पाहिलं तर एकाच वाक्याच्या शेकडो ओळी. अण्णांनी कोरा कागद बघून जे ओळखलं ते माझ्या सर्व्हरवर लेखी पडून होतं.

यावर पहिला उपाय सुचला तो जेसनचा. प्रत्येक सभासदाच्या आतल्या ॲरेवर जेसन_एनकोड चालवायचं, त्याची एक लांब स्ट्रिंग होते, मग ॲरे_डिफ_असॉक. चालतं. पण त्यात दोन भानगडी आहेत. आतल्या कींचा क्रम वेगळा असला (एकीकडे फॅट आधी, दुसरीकडे लिटर आधी) तरी ते फरक दाखवतं, म्हणून आधी प्रत्येक मजल्यावर के-सॉर्ट करत, म्हणजे कींचा क्रम लावत बसायचं. आणि एवढं करून हातात काय पडतं, तर '१०४ मध्ये काहीतरी फरक आहे'. दहा दिवस, दोन पाळ्या, तीन आकडे. साठ आकड्यांत अण्णांनी शोधायचं कुठं?

शेवटी ॲरे सपाट केला. चारही मजले उतरून प्रत्येक आकड्याला त्याचा पूर्ण पत्ता हीच की करून टाकली: '१०४/१२ तारीख/सकाळ/फॅट'. सगळे दोन्ही वेळ दूध घालणारे धरले तरी ४१२ गुणिले १० गुणिले २ गुणिले ३, म्हणजे २४,७२० ओळी. पीएचपीला हे काहीच नाही. की शोधायला त्याला सगळी यादी चाळावी लागत नाही, थेट जागेवर हात घालतं. फरक सापडला की त्याचा पत्ताच रिपोर्टातली ओळ होऊन बसतो, वेगळं काही छापायला नको. एवढंच बघायचं की रिकामा ॲरे सपाट केला की त्याचं नामोनिशाण राहत नाही. आमच्याकडे त्यानं बिघडत नाही, तुमच्याकडे बिघडू शकेल.

सपाट केल्यानं आणखी एक जुनं दुखणं आपोआप गेलं. संस्थेत जुन्या सभासदांचे कोड ००१ पासून आहेत. एकदा कारकुनानं मशीनची सीएसव्ही फाइल बघायला म्हणून एक्सेलमध्ये उघडली आणि सवयीनं सेव्ह केली. एक्सेलनं पुढची शून्यं खाल्ली. त्या दिवशीच्या रिपोर्टात ९९ सभासद संस्था सोडून गेले होते आणि ९९ नवीन झाले होते. ०४२ आणि ४२ या पीएचपीच्या लेखी वेगवेगळ्या की आहेत. गंमत म्हणजे '४२' ही अवतरणात लिहिलेली की ते गुपचूप पूर्णांक करून ठेवतं, '०४२' मात्र स्ट्रिंगच राहते. एकाच ॲरेत काही कोड एका जातीचे, काही दुसऱ्या. अशा ॲरेवर ॲरे_मर्ज वापराल तर पूर्णांक की नव्यानं ०, १, २ अशा मोजल्या जातात. म्हणजे १०४ च्या मावशी भलत्याच नंबरच्या होणार. अधिक चिन्हानं दोन ॲरे जोडले तर की शाबूत राहतात. पत्त्यात तिरकी रेघ आली की ती की पूर्णांक होऊच शकत नाही, त्यामुळे हा विषय संपला. एक्सेलचा संपला नाही. आता फाइल चढवतानाच कोडला डावीकडून शून्यं लावून तीन आकडी करून घेते.

आता खरी कटकट. सपाट यादीवर दोन्हीकडून ॲरे_डिफ_असॉक चालवलं तर हजारो फरक! मशीनच्या फाइलमधून फॅट '३.५०' अशी स्ट्रिंग येत होती, वहीतून ३.५ असा आकडा. दोन्ही स्ट्रिंग केल्या तर '३.५०' आणि '३.५', म्हणजे वेगळ्या. अण्णांना विचारलं तर ते हसतील.

मग म्हटलं, स्ट्रिंग करून नको, दोन बरोबरच्या चिन्हानं तुलना करू. '३.५०' == ३.५ हे पीएचपी खरं मानतं. पण त्याच चिन्हाला नल, म्हणजे 'काहीच नाही', आणि शून्यही सारखेच. नल == ० खरं. आमच्याकडे त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे: लिटरच्या जागी काहीच नाही याचा अर्थ माणूस आलाच नाही, शून्य म्हणजे आला होता, दूध नासकं म्हणून परत दिलं. परत दिलेल्या दुधावरून गावात भांडणं होतात, तो शून्य दिसायलाच हवा. आणि त्या चिन्हाच्या लेखी '००१२३' आणि '१२३' हे बँकेचे दोन खाते क्रमांकही (सभासदाचं नाव आणि खातंही याच यादीत असतं) एकच, कारण दोन्ही आकड्यांसारखे दिसतात. कोडातल्या शून्याला किंमत नाही, खात्यातल्या शून्याला आहे. तीन बरोबर लावावेत (त्यांना किंमत आणि जात दोन्ही सारखी लागते) तर '३.५०' आणि ३.५ पुन्हा वेगळे.

फ्लोटचं, म्हणजे दशांश आकड्यांचं, तर विचारू नका. ०.१ अधिक ०.२ हे तीन बरोबरच्या चिन्हाला ०.३ वाटत नाही. पण ॲरे_डिफ_असॉकला वाटतं, कारण स्ट्रिंग करताना पीएचपी नेहमीच्या सेटिंगला १४ अंकांपर्यंतच लिहितं आणि शेपटीचा कचरा गळून जातो. म्हणजे ज्या स्ट्रिंगीकरणानं '३.५०' ला माझा छळ मांडला, तेच इथं माझ्या बाजूनं उभं. मी लिटरची बेरीज करत होते तेव्हा यानं मला कित्येक महिने वाचवलं आणि मला पत्ताही नव्हता.

तुलना कशी करायची ते आपणच सांगावं, यासाठी पीएचपीत ॲरे_यूडिफ_असॉक आहे. या खानदानातली नावं पाठ करू नका, यू कुठं बसलाय ते बघा: डिफच्या आधी यू असेल तर व्हॅल्यूची तुलना तुमची, असॉकच्या आधी असेल तर कीची, दोन्हीकडे असेल तर दोन्ही तुमच्या. मी कॉलबॅक (तुलना करणारं आपलं छोटं फंक्शन) लिहिला: सारखे असतील तर ट्रू, नाहीतर फॉल्स. रिपोर्टात बरोब्बर जुळलेल्या सगळ्या नोंदी आल्या आणि फरक तेवढे गायब. मराठी माणूस 'सारखे आहेत का?' विचारल्यावर 'हो' म्हणतो. या कॉलबॅकनं 'शून्य' म्हणायचं असतं, म्हणजे दोघांत अंतर शून्य. फॉल्स म्हणजेच शून्य, म्हणून माझं सगळं उलटं झालं. यानच्या चिन्हानं, म्हणजे पीएचपी ७ मध्ये आलेल्या स्पेसशिपनं, हे नीट लिहिता येतं. (नुसतं ॲरे_यूडिफ वापरणाऱ्यांनी तर ते नीटच लिहावं. ते आतल्या आत आधी क्रम लावतं, त्यामुळे लहान-मोठं चुकलं की उत्तर भलतंच येतं.)

पण तेही मी सोडलं, कारण कॉलबॅकला फक्त दोन व्हॅल्यू मिळतात, की मिळत नाही. समोर आलेला आकडा फॅटचा की खात्याचा, हे त्याला कळणार कसं? आणि माझ्याकडे तर प्रत्येक रकान्याचं 'सारखं' वेगळं.

म्हणून सरळ एक लूप लिहिला. मशीन अधिक वही केलं की दोन्हीकडच्या सगळ्या की एकदाच मिळतात, अण्णांचं 'ह्येचं त्यात, त्येचं ह्यात' एकाच फेरीत. प्रत्येक कीसाठी आधी बघायचं, दोन्हीकडे आहे का. इथं ॲरे_की_एक्झिस्ट्स वापरा, इससेट नको. व्हॅल्यू नल असली की इससेट म्हणतं, की नाहीच. मी आधी इससेट लिहिलं होतं, आणि न आलेली माणसं नावच नसल्यासारखी दिसायला लागली. दोन्हीकडे असेल तर पत्त्याचा शेवटचा तुकडा बघायचा. फॅट असेल तर दहानं गुणून राउंड करून पूर्णांक तुलना. राउंड विसरू नका; ०.१ अधिक ०.७ ला दहानं गुणून नुसतं पूर्णांक केलं तर आठ नाही, सात येतात. लिटरचंही तसंच, फक्त शंभरानं. नल असेल तर गुणाकाराच्या आधीच बाजूला काढायचा, नाहीतर त्याचा शून्य होतो. खाते क्रमांक तीन बरोबरनं, स्ट्रिंग म्हणूनच. सगळं मिळून साठेक ओळींचं फंक्शन आहे. दहा मिनिटांचं कामही असेल कदाचित, कुणी आधी सांगितलं असतं तर.

ऑगस्टच्या पहिल्या बिलाला अण्णांच्या हातात पाच ओळींचा रिपोर्ट पडला. चार ओळींवर त्यांनी कारण लिहिलं: लाइट, कोड चुकला, लाइट, दूध परत. पाचवीवर पेन्सिल अडली आणि मला फोन आला.

"२१८ नंबर. नाव. मशीन, कुऱ्हाडे. वही, कुर्‍हाडे. ह्यात फरक काय गं?"

मी स्क्रीन बघितला. काहीच फरक नव्हता. झूम करून बघितला, तरी नव्हता. स्ट्रलेन (ते बाइट मोजतं) मारलं तेव्हा कळलं: मशीनचं नाव २४ बाइटचं, वहीचं २७. ऱ्ह मधला तो अर्धा र देवनागरीत दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर खाली टिंब असलेला वेगळा ऱ आहे, त्याला हलंत लावायचा. दुसऱ्यावर साधा र, हलंत आणि त्यांच्यामागं न दिसणारा एक जोडणारा कॅरेक्टर. दिसायला डिट्टो. युनिकोडचं नॉर्मलायझेशन करून पाहिलं, त्यानंही हे दोन एक होत नाहीत, स्ट्र_रिप्लेसनं हातानंच बदलावं लागतं.

"अण्णा, तीन बाइटचा फरक आहे."

"म्हंजी किती रुपयं?"

"शून्य."

"मग काढ ती वळ."

काढली.